बायको की दरोडेखोर? 'मेरा साया'विषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 'मेरा साया' (१९६६) हा आपल्या मराठी 'पाठलाग'वरून उचललेला आहे, असे वडील सांगायचे. हे खरे का?

वडिलांचे बरोबर आहे, फक्त 'उचललेला' हा शब्द काढून टाका. तो रीतसर रिमेक होता. जयंत देवकरांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर राजा परांजपे यांनी १९६४ मध्ये 'पाठलाग' केला. काशिनाथ घाणेकर आणि भावना त्यात होते. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपती रौप्यपदक त्याला मिळाले. दोन वर्षांनी राज खोसलांनी सुनील दत्त आणि साधनाला घेऊन हिंदीत तीच गोष्ट सांगितली. त्याच्या आधी १९६५ मध्ये ती तमिळमध्येही 'इदय कमलम' या नावाने गेली होती.

गोष्ट अशी. वकिलाची बायको आजारी पडते आणि त्याच्या मांडीवर प्राण सोडते. तो स्वतः तिला अग्नी देतो. काही दिवसांनी पोलीस दरोडेखोरांच्या टोळीतली एक बाई पकडून आणतात. चेहरा हुबेहूब बायकोचा! आणि ती ठामपणे सांगते, मीच तुमची पत्नी. पुढचा बराच सिनेमा कोर्टात घडतो. शेवट मी सांगणार नाही. साठ वर्षे झाली म्हणून काय झाले, आज पहिल्यांदा पाहणारा कुणीतरी असतोच.

प्रश्न : माझ्या भाच्याने मध्यंतरालाच शेवट ओळखला. मग याला सस्पेन्स का म्हणायचे?

भाच्याला शाबासकी द्या आणि एवढेच विचारा, की कोर्टात ती बाई बोलत होती तेव्हा तो कोणाकडे पाहत होता? मी दर वेळी सुनील दत्तकडे पाहतो. नवरा-बायकोत चार भिंतींआड झालेल्या गोष्टी ती भर कोर्टात सांगते आणि त्या खऱ्या निघतात. ती बायको असेल, तर त्याने सरणावर ठेवले ते कोणाला? आणि नसेल, तर त्याच्या संसारातले हे सगळे एका परक्या बाईला कसे ठाऊक? कोणतेही उत्तर आले तरी भाजणार त्यालाच. 'ती कोण' हे कळल्यावरही हा पेच सुटत नाही, म्हणून सिनेमा दुसऱ्यांदा पाहता येतो. शेवटचा उलगडा मात्र घाईघाईत, एका दमात उरकला आहे, हे मला मान्य आहे.

प्रश्न : रहस्यपटात एवढी गाणी कशाला? ताण सैल पडतो.

पुष्कळ सिनेमांत पडतो. म्हणूनच यश चोप्रांनी १९६९ मध्ये 'इत्तेफाक' गाण्यांशिवाय केला. पण राज खोसलांचा मूळ ओढा गाण्याकडे. शास्त्रीय संगीत शिकलेले, गायक व्हायला निघालेले. पुढे गुरुदत्तचे सहायक झाले आणि वाट बदलली. त्यांच्या रहस्यपटांत गाणे साक्षीदारासारखे येते.

आता कान देऊन ऐका. 'मेरा साया'त संगीत मदन मोहनचे, गीते राजा मेहदी अली खान यांची. पत्नीच्या वाट्याची 'तू जहाँ जहाँ चलेगा' आणि 'नैनों में बदरा छाए' ही गाणी लताबाईंची. दरोडेखोर रैनाचे 'झुमका गिरा रे' आशाबाईंचे. चेहरा एकच असला तरी गळे दोन. प्रेक्षक डोळ्यांनी गोंधळतो, पण त्याच्या कानाला दोन वेगळ्या बायका ऐकू येतात. दिग्दर्शकाने हे मुद्दाम केले की त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नायिकेला लता आणि नाचाच्या गाण्याला आशा असे आपसूक झाले, ते बाजूला ठेवू. परिणाम मात्र होतो.

आणि मग 'पाठलाग' लावा. शब्द गदिमांचे, चाल दत्ता डावजेकरांची. 'या डोळ्यांची दोन पाखरे' आशाबाईंचे, आणि बाजारातले 'नको मारूस हाक' हेही आशाबाईंचेच! इथे कानालाही सुगावा लागत नाही. याबाबतीत मला मराठी सिनेमा जास्त पक्का वाटतो. आणखी एक गंमत म्हणजे, दोन्हीकडे सिनेमाचे नाव मुख्य गाण्यातूनच उगवते. हिंदीत सावली सोबत करते, मराठीत डोळे पाठलाग करतात. प्रेमाचे वचन म्हणून म्हटलेली ओळ नंतर धमकीसारखी वाटू लागते, ती मराठीत जास्त.

प्रश्न : साधनाला 'मिस्टरी गर्ल' म्हणायचे ते याच सिनेमामुळे का?

सुरुवात आधीची, 'वो कौन थी?' (१९६४) पासूनची. पावसाळी रात्र, रस्त्यात उभी पांढऱ्या साडीतली बाई, डॉक्टर मनोज कुमार तिला गाडीत घेतो आणि काचेवरचे वायपर बंद पडतात. भूत दाखवावे लागलेच नाही. के. एच. कापडियांना त्या कृष्णधवल छायाचित्रणासाठी फिल्मफेअर मिळाले. साधनाला नामांकनावर समाधान मानावे लागले. पुढे तमिळ 'यार नी?' आणि तेलुगू 'आमे एवरु?' या दोन्ही अवतारांत ही भूमिका जयललितांनी केली.

राज खोसलांनी साधनाला घेऊन असे तीन रहस्यपट केले. 'वो कौन थी?' आणि 'मेरा साया' हे पहिले दोन गाजले, तिसरा 'अनिता' (१९६७) मात्र आपटला. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, नायक पुन्हा मनोज कुमार. माझ्या मते तोवर लोक साधनाला पाहताच 'ही ती नसणार' असे धरूनच खुर्चीत बसत होते. जादूगाराची बाही कुठे फुगली आहे ते एकदा दिसले, की पुढचा खेळ अवघड जातो.

प्रश्न : बरेलीच्या बाजारात खरोखर झुमका पडला होता का?

नाही हो! पण २०२० मध्ये बरेलीत एका तिठ्यावर चौदा फुटी झुमका उभारला आहे. गाव ज्या गाण्याने ओळखले जाते ते पडद्यावर दरोडेखोर बाईच्या तोंडी आहे, याची तिथे थांबून फोटो काढणाऱ्यांना फारशी फिकीर दिसत नाही.