अपिलात फिरलेला निकाल

प्रिय चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तुझी निवड झाल्याचे वाचून फार आनंद झाला. आपले निकाल अपिलात टिकले नाहीत तर पुढे बढतीचे काय होईल, ही धास्तीही तू पत्रात मोकळेपणाने लिहिली आहेस. तिच्याविषयी लिहिताना मला अमेरिकेचे संघीय न्यायाधीश लर्नेड हँड आठवतात, कारण तू ज्याला भितेस ते त्यांच्या वाट्याला खरोखरच आले होते.

हँड यांचा जन्म १८७२ मध्ये ऑल्बनीत, वकिलांच्या घराण्यात झाला. हार्वर्डमध्ये कायदा शिकून त्यांनी काही वर्षे वकिली केली. त्यात मन रमले नाही. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याच्या संघीय न्यायालयात, म्हणजे खटला प्रथम चालतो त्या पायरीवर, नेमले.

अमेरिका महायुद्धात उतरल्यावर जून १९१७ मध्ये हेरगिरीविरोधी कायदा झाला आणि त्याच्या आधारे न्यूयॉर्कच्या पोस्टमास्तरांनी 'द मासेस' या समाजवादी मासिकाचा ऑगस्टचा अंक टपालात घेण्यास नकार दिला. अंकात युद्धाविरुद्ध आणि सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध व्यंगचित्रे व लेख होते. देशात युद्धज्वर चढलेला असताना हँड यांनी मासिकाच्या बाजूने तात्पुरता मनाई हुकूम दिला. अशा लिखाणाने असंतोष वाढू शकतो हे त्यांनी नाकारले नाही. मात्र जोवर शब्द थेट कायदा मोडण्यास सांगत नाहीत, तोवर त्यांना या कायद्याखाली अडवता येणार नाही, असे त्यांनी मांडले. प्रश्न लेखकाच्या मनातील हेतूचा किंवा वाचकांवर होऊ शकणाऱ्या परिणामाचा न ठेवता त्यांनी तो कागदावरच्या शब्दांवर आणला, आणि माझ्या मते या निकालाचे खरे सामर्थ्य त्यातच आहे, कारण परिणामाचा अंदाज काळ तापला की न्यायाधीशाच्याही नकळत बदलतो.

नोव्हेंबरमध्ये अपील न्यायालयाने हा निकाल फिरवला. बढती मिळून हँड ज्या जागेवर जाण्याची शक्यता होती, ती त्या न्यायालयातील जागा १९१८ मध्ये मार्टिन मँटन यांना मिळाली आणि हँड यांना तेथे पोहोचायला १९२४ साल उजाडले. सर्वोच्च न्यायालयात तर ते कधीच गेले नाहीत. पुढे १९३९ मध्ये लाचखोरीच्या आरोपांमुळे मँटन यांना पद सोडावे लागले, ते तुरुंगातही गेले, आणि त्या न्यायालयाची धुरा हँड यांच्याकडे आली. शब्दांना चिथावणी कधी म्हणायचे याची जी कसोटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये स्वीकारली, तिच्यात हँड यांचा विचार स्पष्ट दिसतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द करताना मतप्रतिपादन आणि चिथावणी यांतील फरकावरच भर दिला. हे पाहायला हँड हयात नव्हते. ते १९६१ मध्ये गेले.

त्यांना देव्हाऱ्यात बसवू नकोस. १९५० मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या अकरा नेत्यांची शिक्षा कायम करणारा निकाल त्यांनीच लिहिला. सर्वोच्च न्यायालयाची तेव्हाची कसोटी त्यांच्यावर बंधनकारक होती हे खरे, तरी तो निकाल मला पटत नाही, आणि तूही तो टीकेच्या नजरेने वाचावास.

रोजच्या कामासाठी त्यांचा १९३२ चा 'टी. जे. हूपर' हा निकाल मात्र आवर्जून वाच. वादळात कोळशाच्या बार्जेस, म्हणजे ओढून न्यायच्या मालवाहू नावा, बुडाल्या. त्या ओढणाऱ्या बोटींवर हवामानाचा इशारा ऐकण्याजोगा रेडिओ नव्हता, आणि असा रेडिओ ठेवण्याची त्या धंद्यात सर्रास पद्धत नव्हती. हँड यांनी ठरवले की संपूर्ण धंदाच निष्काळजी असू शकतो आणि योग्य काळजी कोणती हे अखेर न्यायालयच सांगेल. निकाल अगदी थोड्या पानांचा आहे, पण हरणाऱ्या पक्षकारालाही आपण का हरलो हे त्यातून नेमके कळते.

तुझे पहिले निकालपत्र लिहून झाले की सही करण्यापूर्वी ते हरणाऱ्या पक्षकाराच्या जागी बसून एकदा वाच. त्याच्या वकिलाचा सर्वांत भक्कम मुद्दा त्यात आला आहे का, आणि त्याला कारणांसह उत्तर दिले आहे का, एवढे तपास. मग अपिलात काय होईल याचा विचार न करता सही कर.

तुझा,
काका