बोर्डावर जायच्या आधी एवढं वाच

तुझा मेल वाचला. मिशनवाल्या, म्हणजे नफ्याआधी ध्येय ठेवणाऱ्या, टेक कंपनीने बोर्डावर (संचालक मंडळावर) बोलावलंय आणि तू विचारतेयस की उद्या सीईओशी वाजलंच तर काय करायचं. बरं झालं आत्ताच विचारलंस, वाजल्यावर विचारून फार काही हातात राहत नाही.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचं प्रकरण नीट समजून घे, नुसत्या हेडलाइन वाचून सोडू नकोस. 17 नोव्हेंबर 2023, शुक्रवार, सहा जणांच्या बोर्डातल्या चौघांनी मिळून सीईओ सॅम ऑल्टमनला काढलं. अधिकार होता का? शंभर टक्के होता. कंपनी 2015 ला ना-नफा म्हणून सुरू झालेली, 2019 ला तिच्याखाली नफ्यावर मर्यादा असलेली कंपनी काढली पण लगाम वरच्या ना-नफा संस्थेच्या बोर्डाकडेच ठेवला, आणि चार्टरमध्ये, म्हणजे कंपनीच्या जाहीर ध्येयपत्रात, 2018 लाच स्पष्ट लिहिलेलं की आमचं पहिलं कर्तव्य मानवजातीशी. मायक्रोसॉफ्टने 13 अब्ज डॉलरच्या आसपास पैसा कबूल केलेला तरी बोर्डावर त्यांची सीट नव्हती. म्हणजे कागदावर सगळं बोर्डाच्या बाजूने, आणि तरी आठवडा उलटायच्या आत ऑल्टमन परत खुर्चीवर आणि बोर्डातले बहुतेक बाहेर.

का झालं असं? माझ्या मते मुख्य कारण एकच, त्यांनी कारण सांगितलं नाही. निवेदनात एवढंच की ऑल्टमन बोर्डाशी बोलताना सातत्याने प्रांजळ नव्हते. काय लपवलं, कधी लपवलं, एकही उदाहरण नाही. 770 च्या आसपास लोकांच्या कंपनीत 700 हून जास्त जणांनी सह्या केल्या की ऑल्टमनला परत आणा आणि बोर्डाने जावं, नाहीतर आम्ही मायक्रोसॉफ्टला जाऊ. ज्या मीरा मुरातीला बोर्डाने हंगामी सीईओ केलं तिचंच नाव त्या पत्रावर सगळ्यात वर, आणि काढायच्या बाजूने मत दिलेल्या इल्या सुत्सकेवरचीही सही. लोक म्हणतात कर्मचाऱ्यांना स्वतःचे शेअर विकायचे होते म्हणून सह्या केल्या, कंपनीची किंमत 86 अब्ज डॉलर धरून ती शेअरविक्री ठरत आलीच होती, तेही असेल, पण मला ते पूर्ण पटत नाही. कोणी काही सांगतच नसेल तर माणूस ज्याला रोज बघतो त्याच्याच मागे उभा राहणार ना.

बोर्डातली हेलन टोनर नंतर म्हणाली की चॅटजीपीटी आल्याचं बोर्डाला ट्विटरवरून कळलं. ही नोव्हेंबर 2022 ची गोष्ट, काढायच्या वर्षभर आधीची! तुझ्या बोर्डावर असं काही घडलं तर त्याच आठवड्यात सीईओला तोंडावर विचार, उत्तर मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या अधिकृत नोंदीत, लिहून घे, पुढच्या मीटिंगला परत विचार. सीईओ वाईटच असतो असं मी म्हणत नाहीये, पैसा त्यालाच उभा करायचा असतो, माणसं त्यालाच टिकवायची असतात, त्या धावपळीत बोर्डाला सांगणं मागे पडतं आणि मग हळूहळू सवय होते. ती सवय तुम्हीच मोडायची, कारण एकदा का तुमच्याकडे हकालपट्टी सोडून दुसरं काहीच उरलं नाही की तुम्ही निम्मी लढाई हरलेलीच असता. मार्च 2024 मध्ये वकिलांच्या चौकशीतूनही साधारण हेच निघालं, की बोर्ड आपल्या अधिकारातच वागलं पण काढायलाच हवं होतं असं काही ऑल्टमनच्या वागण्यात नव्हतं.

म्हणून हो म्हणायच्या आधी त्यांना विचार की सीईओच्या खालच्या लोकांशी बोर्डाला थेट बोलता येतं का, सीईओला बाहेर ठेवून बोर्ड वर्षातून कितीदा बसतं, आणि बोर्डाचा स्वतःचा वकील आहे की कंपनीचाच वापरतात. शिवाय उद्या सीईओला काढलंच तर खुर्ची सांभाळायला कोण तयार आहे, आणि त्या माणसाला खरंच कोणी विचारलंय का, हेही विचार. टाळाटाळ करायला लागले तर सरळ नाही म्हण, नाव कितीही मोठं असो. काय म्हणतात ते मला कळव, मग फोनवर बोलू.