गंज कुठवर कापणार? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार काका. मेहुण्याने आणि मी मिळून एक जुनी फोर बाय फोर जीप घेतली आहे. इंजिन, गिअरबॉक्स ठणठणीत आहे. पण ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा हाताने तुटतो आणि मागच्या क्रॉस मेंबरजवळ (चासीच्या दोन बाजू जोडणारी आडवी पट्टी) चासीला बोट जाईल एवढं भोक आहे. दोन वेल्डरना गाडी दाखवली. पहिला म्हणाला, वरून पत्रे मारून एका दिवसात देतो. पैसेही लगेच सांगितले. दुसरा बराच वेळ गाडीखाली पडून होता. तो म्हणतो, फ्लोअर उघडल्याशिवाय आकडा सांगणार नाही, आणि सीट, कार्पेट, पेट्रोलची टाकी काढूनच गाडी आणा. मेहुण्याला पहिला पसंत आहे. दुसरा आकडाच सांगत नाही, म्हणजे नंतर लुबाडणार, असं त्याचं म्हणणं. आम्ही काय करावं?

उत्तर : गाडी दुसऱ्याकडे द्या. मेहुण्यांची शंका मात्र रास्त आहे. तिचा बंदोबस्त आधी करा आणि मग द्या. कसा, ते पुढे सांगतो.

पहिल्याने वरून पत्रा मारायचं म्हटलं, तिथेच माझ्या दृष्टीने विषय संपला. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आहेत तोवर गंज चालूच राहतो, आणि मीठ असेल तर दुप्पट जोमाने. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात तो शिरला की पत्रे फुगवून एकमेकांपासून सोडवतो. कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवून कडेने वेल्डिंग मारलं, तर मधल्या फटीत पाणी धरून ठेवायची सोयच झाली. त्यात नवा पत्रा ज्या कडेला धरायचा ती कडसुद्धा अर्धी खाल्लेली असते. आर्क, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी, लागला की ती वितळून मागे सरकते, भोक मोठं होतं, वेल्डर ते रेटून भरतो, वरून ग्राइंडर फिरवतो आणि जाड काळा अंडरकोट, म्हणजे गाडीच्या पोटाला लावायचा थर, मारतो. गाडी घरी येते तेव्हा काम झकास दिसतं.

मी आयुष्यभर पत्र्याचंच काम केलं आहे आणि अशी ठिगळं भरपूर उघडली आहेत. कड कापून पत्रा उचकटला की आधी ओला चिखल पडतो. मग तपकिरी पापुद्रे सुटायला लागतात, एकाखाली एक, नखाने निघतील असे. मूळ पत्रा शोधत जावं, तर तो त्या पापुद्र्यांतच संपलेला असतो. मग जे काम तळहाताएवढं होतं ते वीतभर होतं, कारण आधीच्या वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूचा रंग जळलेला असतो आणि मागच्या बाजूने नवा गंज तिथूनच सुरू झालेला असतो.

म्हणून वेल्डर निवडताना मशीन कोणतं, अनुभव किती, हे नंतर विचारा. पहिला प्रश्न हा विचारा : गंज कुठवर कापणार? पूर्ण जाडीचा, पांढरा चमकणारा पत्रा लागेपर्यंत, असं उत्तर आलं की पुढे बोलायला हरकत नाही. भोकाच्या कडेने थोडं कापू आणि बसवू, असं म्हणाला तर चहूबाजूंनी किती, ते विचारा. भोक हे गंजाचं टोक असतं, त्याच्याभोवतीचा पत्रा आतून पातळ झालेलाच असतो.

हे तुम्ही स्वतःही तपासू शकता, आणि गाडी देण्याआधी जरूर तपासा. छोटा हातोडा घ्या, गाडीखाली जा आणि चासी पुढून मागे ठोकत चला. चांगल्या जागी टणटणीत आवाज येतो, हातोडा उसळी घेतो. कुजक्या जागी आवाज बसका होतो आणि कधी कधी आतून गंजाचा चुरा सरसर सांडल्याचं ऐकू येतं. जिथे आवाज बदलला तिथे जुन्या स्क्रूड्रायव्हरने दाबा. टोक रुतलं तर खडूने खूण करा. पेटीसारख्या बंद चासीत गंज आतून बाहेर येतो. पाणी जायची भोकं चिखलाने बुजतात, ओला चिखल तळाशी बसून राहतो, आणि बाहेरचा रंग शाबूत असताना आतला पत्रा अर्धा झालेला असतो. तुमच्या क्रॉस मेंबरजवळ बोट जातं आहे, तर त्याच्या पुढचा हातभर तुकडा तरी नीट ठोकून बघा. स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, शॉकरचे ब्रॅकेट, स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्टने बसतो ती जागा, बॉडी चासीवर जिथे बसते ते बॉडी माउंट आणि सीट बेल्टचे बोल्ट ही ठिकाणं चुकवू नका. तिथला पत्रा भार घेतो.

दुसऱ्या वेल्डरला आणखी एक गोष्ट विचारा. फ्लोअरचा पत्रा आणि चासी ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही त्याच्या हातची आहेत का? फ्लोअरचा पत्रा साधारण एक मिलिमीटरचा. त्यावर जाड रॉडचं साधं आर्क वेल्डिंग लावलं तर भोकंच पडतात. तिथे मिग मशीन (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन) हवं, ०.६ किंवा ०.८ मिमीची तार, आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, आणि इकडे एक टाका, तिकडे एक टाका असं थांबत थांबत जाण्याचा संयम हवा. सलग ओढत नेलं तर पत्रा आचेने लहरतो. चासीत भीती उलटी. तिथे दोन-तीन मिमी किंवा त्याहून जाड लोखंड असतं, आणि कमी करंटवर मारलेलं वेल्डिंग वरवर बसतं, आत शिरत नाही. वरून ते सुंदर दिसू शकतं, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. त्याच जाडीचे दोन भंगार तुकडे जोडायला सांगा, शिकंज्यात धरा आणि सांध्यावर हातोड्याने वाकवा. लोखंड वाकलं तर ठीक, सांधा सुटला तर नमस्कार करून निघा. चांगला वेल्डर यात अपमान मानत नाही. उलट बहुतेक जण आपणहून करून दाखवतात.

चासीची पट्टी बसवायची तर ती कशी कापणार, हेही विचारा. उभी सरळ कड कापून आडव्या चासीवर एकाच रेषेत वेल्डिंग मारलं की सगळा ताण त्या रेषेवर येतो आणि तिथूनच तडा जातो. टोकं तिरकी किंवा निमुळती हवीत, म्हणजे सांधा लांबीत पसरतो. फ्लोअरच्या तुकड्याचे कोपरे गोल हवेत. चासीला पितळी रॉडने जोडतो म्हणणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका.

आता मेहुण्यांचा प्रश्न. फ्लोअर उघडण्याआधी आकडा न सांगणारा माणूस खरं बोलतो आहे, पण तुम्ही त्याला कोरा चेक द्यायचं कारण नाही. काम दोन टप्प्यांत बांधा. पहिला टप्पा फक्त उघडण्याचा : कार्पेट, डांबरी थर, अंडरकोट खरवडून लोखंड उघडं करायचं आणि खुणा करायच्या. त्याचे पैसे आधी ठरवा. मग तुम्ही दोघे जा, त्याच्यासोबत गाडीखाली बसा, कुठून कुठवर कापायचं ते खडूने आखून घ्या, आणि त्या आखणीचे पैसे ठरवा. आखणीबाहेर गंज सापडला तर काम थांबवायचं, फोटो पाठवायचा, फोन करायचा. कापलेले तुकडे टाकून द्यायचे नाहीत. आणि एक अट लिहूनच घ्या : आम्ही येऊन बघेपर्यंत वेल्डिंगवर सीलर, पुट्टी किंवा अंडरकोट मारायचा नाही. प्रायमरचा पातळ हात चालेल, कारण उघडं लोखंड दमट हवेत काही तासांत लाल होतं. पण पातळ प्रायमरखाली टाके दिसतात, जाड अंडरकोटखाली काहीच दिसत नाही. या चार गोष्टी मान्य करणारा वेल्डर लुबाडायला बसलेला नसतो.

सीट, कार्पेट आणि टाकी काढून आणा म्हणाला, यावरूनच माझा कौल त्याच्या बाजूने झुकला. टाकी रिकामी केली म्हणजे झालं, असं तुम्हाला कोणी सांगेल. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते. ती गाडीतून काढून लांब ठेवायची. वेल्डिंगच्या जागेजवळून जाणारे ब्रेकचे पाइप, इंधनाची नळी, वायरिंग सोडवून बाजूला बांधायचं. बॅटरीची दोन्ही टोकं सोडायची, गाडीला इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट असेल तर त्याचा प्लगही. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डिंगच्या शक्य तितक्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावायचा. तो लांब कुठेतरी चाकाला किंवा प्रोपेलर शाफ्टला (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं. स्प्रिंगच्या पाट्यांना तर आर्क चुकूनही लागता कामा नये, तेवढ्या ठिपक्यापासून पाटा तुटू शकतो.

दोन गोष्टी वेल्डरच्या जिवाच्या आहेत, त्या त्याला माहीत आहेत का ते बघा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरणार असेल तर सांध्याजवळचं जस्त आधी घासून काढायला हवं. जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी वेल्डिंग कधीच नाही. आचेने त्याचा फॉस्जीन होऊ शकतो, आणि तो वायू अगदी थोडासुद्धा घातक असतो. अशा साध्या डब्याने कोणाचा जीव धोक्यात यावा, हे मला सहन होत नाही. म्हणून सांगतो, डब्यावरचं नाव तुम्हीही वाचा.

काम संपल्यावर अर्धा-एक तास कोणीतरी गाडीपाशी थांबलं पाहिजे. कार्पेटखालचा फेल्ट, जुना डांबरी थर, चासीत साचलेला काडीकचरा आतल्या आत धुमसतो आणि सगळे घरी गेल्यावर पेटतो.

फ्लोअर मोठ्या भागात कापायचा असेल तर आधी दारं लावून फटींची मापं लिहून ठेवा. दाराखालची पेटी कापायची वेळ आली तर दाराच्या चौकटीत आडवी पट्टी टाक्यांनी जोडूनच कापायची, नाहीतर चौकट बसते आणि दार पुन्हा लागत नाही.

वेल्डिंग जिथे झालं त्याच्या मागच्या बाजूचा रंग हमखास जळतो. त्यामुळे क्रम असा ठरवून घ्या : प्रायमर, सांध्यांना सीलर, रंग, आणि अगदी शेवटी चासीच्या आत लांब नळीने मेण फवारणं. मेण आधी मारलं तर वेल्डिंगच्या आचेने पेट घेतं. फवारण्याआधी तळाची भोकं तारेने मोकळी करा, फवारल्यावर पुन्हा बघा. ती बुजली तर सगळी मेहनत वाया.

प्रश्न : माझ्याकडे जुनी लँड रोव्हर आहे. बॉडी ॲल्युमिनियमची असल्याने गंजणार नाही असं ऐकून घेतली, पण मेकॅनिक म्हणतो, वेल्डर शोधा. हे खरं आहे का?

उत्तर : मेकॅनिक बरोबर सांगतो आहे. १९४८मध्ये पहिली लँड रोव्हर आली तेव्हा युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पोलाद मिळणं कठीण होतं, म्हणून बॉडीचे पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. पण चासी पोलादाचीच, आणि इंजिन व तुमच्या पायांमधली बल्कहेडची भिंतही पोलादाची. गंज तिथे शोधा : पायाजवळचा भाग, दारांच्या बिजागऱ्यांजवळ, चासीचे बाजूला आलेले हात आणि मागचा क्रॉस मेंबर.

ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही, पण खाल्लं जातं. जिथे ते पोलादाला टेकतं आणि मधे पाणी शिरतं, तिथे ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते. जोडताना मधे रबर किंवा सीलरचा थर हवा. आणि ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगला वेगळं मशीन, शुद्ध आर्गॉन आणि वेगळा हात लागतो. चासीचा उत्तम वेल्डर ॲल्युमिनियमचा पत्रा क्षणात गाळून टाकेल. सुदैवाने या गाडीचे बाहेरचे बरेच पत्रे बोल्टवर निघतात. चासी एकाला द्या, पत्रे दुसऱ्याला.

चासीवर आधीच ठिगळांवर ठिगळं असतील तर दुरुस्ती सोडा आणि नव्या चासीचा खर्च विचारा. गॅल्व्हनाइज्ड चासी बनवून मिळतात. सगळी गाडी उतरवून पुन्हा चढवावी लागते हे खरं, पण नंतर वेल्डर शोधत फिरावं लागत नाही.

प्रश्न : रस्ट कन्व्हर्टर लावला तर वेल्डिंग टळेल का? दाराच्या खालच्या कडेला गंज आहे.

उत्तर : त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल वरवरच्या गंजाचा काळपट टिकाऊ थर करतं. गेलेलं लोखंड परत आणत नाही. सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढा आणि अंगठ्याने कड दाबा. घट्ट असेल तर लावा, वर प्रायमर आणि रंग द्या, दाराच्या तळाची भोकं साफ करा. दबली तर बाटली तशीच ठेवा आणि वेल्डरला बोलवा. त्याच्या आधी आम्ल लावलंत तर त्याला ते पुन्हा घासून काढत बसावं लागेल.