काळ्या रानातला रस्ता कडेनेच का फाटतो?

प्रश्न : आमच्या गावचा रस्ता काळ्या रानातून जातो. दोन्ही बाजूंना ऊस, बांधावर बाभळी. 3 वर्षांत 2 वेळा डांबर झालं, तरी उन्हाळ्यात कडेने लांबच लांब भेगा पडतातच. ठेकेदार म्हणतो, खडीचा आणखी एक थर टाकू. टाकू द्यावा का, असं विचारते.
– एक सरपंच, परभणी जिल्हा

उत्तर : ताई, नको. खडी गाडीचं वजन पेलते, मातीचं फुगणं थांबवत नाही. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की माती फुगते, निघालं की आकसते. डांबराखाली मधोमध ओल वर्षभर जवळपास सारखी राहते. कडेला मात्र श्रावणात चिखल आणि वैशाखात कोरडी ठण्ण. मधला भाग जागेवर, कडा वर-खाली. म्हणून भेग रस्त्याच्या लांबीने जाते. वजनाने खचलेला रस्ता चाकोरीत जाळीसारखा तडकतो. तुमचं दुखणं ते नाही.

मी शाखा अभियंता असताना एका मे महिन्यात अशाच कडेला खड्डा घेतला होता. भेगेत टेप सोडला, तो अडीच फूट खाली गेला. आत बाभळीची मुळं लोंबत होती. त्या रस्त्यावर आम्ही तोवर 2 वेळा खडी वाढवली होती. गावाचा तो पैसा वाया गेला, याची बोच मला आजही आहे.

मग करायचं काय? काळी माती आणि खडी यांच्यामध्ये न फुगणाऱ्या, पण चिकट मातीचा 60 सेंटिमीटर ते 1 मीटरचा थर हवा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी अशा थरावर मोठं काम केलं. इथे एक चूक सर्रास होते : भुसभुशीत मुरूम टाकतात. त्यातून पाणी झिरपून काळ्या मातीवर तळं साचतं. मुरूम मातकट, दाबल्यावर घट्ट बसणारा घ्या आणि तोच साइडपट्टीलाही वापरा. मुरूम लांबून आणावा लागत असेल तर काळ्या मातीच्याच वरच्या थरात चुना मिसळा, साधारण 3 ते 5 टक्के. नेमकं प्रमाण प्रयोगशाळा सांगेल. ढेकळं फोडायला ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर चालतो. चुना ताजा हवा, उघड्यावर पडलेला नको. दाबल्यानंतर आठवडाभर ओल टिकवा. काळी माती ठणठणीत कोरडी असताना रोलर फिरवू नका. नंतर पाणी लागलं की ती जास्तच फुगते.

उसाचं पाणी रस्त्याकडेच्या चरात सोडणं बंद करायला ग्रामसभेतच बोला. हे काम ठेकेदाराच्या हातातलं नाही, तुमच्या आहे. बाभळी मात्र एकदम तोडू नका. मुळं ओढत होती ते पाणी मग मातीतच राहतं आणि तिथे रस्ता वर उचलला जातो. नवी झाडं पूर्ण वाढल्यावर जितकी उंच होतील, रस्त्यापासून निदान तितकी लांब लावा.

आणि अंदाजपत्रकात मातीचा सीबीआर, म्हणजे भार पेलण्याच्या ताकदीचा टक्क्यांतला आकडा, किती धरलाय ते पाहा. 4 दिवस पाण्यात भिजवलेल्या काळ्या मातीचा तो बऱ्याचदा 2-3 टक्क्यांच्या आसपासच येतो. कागदावर 8-10 दिसला, तर नमुना कुठून घेतला ते विचारा आणि तुमच्यासमोर पुन्हा घ्यायला लावा.