वर्षभर ब्लॉग लिहितोय, कुणी वाचत नाही. लिहिणं थांबवावं का?

तुम्ही म्हणताय की वर्षभरात ४० लेख झाले, रोज २०-२५ व्ह्यूज दिसतात, पण कमेंट एकही नाही.

आधी त्या २०-२५ कडे बघू. ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉग-सेवेच्या आकड्यांत माणसांबरोबर बॉटही (आपोआप पानं उघडत फिरणारे प्रोग्राम) येतात आणि तुम्ही स्वतः चारदा पान उघडून बघता तेही. माझ्या ब्लॉगवर सुरुवातीला एका दूरच्या देशातून रोज न चुकता १२ व्ह्यूज यायचे. तिकडे एकटाच राहणारा कुणी मराठी माणूस असेल, अशी अख्खी गोष्ट मी मनात रचली होती. बॉट निघाला. स्वतःचे व्ह्यूज न मोजण्याची सोय ब्लॉगरमध्ये आहे, ती चालू करा आणि ब्लॉग गूगल सर्च कन्सोलला जोडा. फुकट आहे. लोक काय शोधत असताना तुमचं पान समोर आलं, ते तिथे शब्दांसकट दिसतं. वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉग-सेवेवर असाल तर सर्च इंजिनांना दूर ठेवणारी एक चौकट सेटिंगमध्ये असते, तिच्यावर टिक राहून गेलेली नाही ना, तेही बघून घ्या.

आता माझंच सांगते. माझे पहिले लेख ‘एकटेपण’, ‘काही उरलेलं’, ‘पाऊस आणि मी’ असल्या नावांचे. हे कोण शोधणार? त्यातली ‘मी’ कोण, हेच कुणाला माहीत नव्हतं. पुढे बाबांना कानाचं मशीन घेतलं. ते शिट्टी मारायचं. बाबा ते काढून शर्टाच्या खिशात टाकायचे, मग खिशातून शिट्टी. रोज भांडण. एका रात्री वैतागून सगळं लिहून काढलं. मशीन कानात नीट बसलं नाही किंवा कानात मळ असला की बाहेर निसटलेला आवाज माइकमध्ये परत शिरतो आणि शिट्टी वाजते, हे लिहिलं. सेलवरचं स्टिकर काढल्यावर तो लगेच आत न घालता मिनिटभर हवेवर ठेवायचा, कारण तो हवेवरच चालतो, हेही लिहिलं. आणि बाबा मला काय काय बोलले, तेसुद्धा. शीर्षक अगदी कोरडं: ‘कानाचं मशीन शिट्टी मारतं तेव्हा’.

त्या आठवड्यात कुणी फिरकलं नाही. चारेक महिन्यांनी सर्च कन्सोलमध्ये ‘कानाचे मशीन शिट्टी वाजते’ असे शब्द दिसायला लागले. मग एका बाईंची मेल आली. सेलबद्दल दोन प्रश्न आणि खाली एक ओळ, ‘तुमचे बाबा आता घालतात का मशीन?’ (घालतात. मी बोलायला लागले की काढतात.) माझ्या पहिल्या वाचक त्याच. नंतर त्यांनी ‘एकटेपण’ही वाचलं. आवडलं नाही म्हणाल्या.

म्हणून ‘दहा सोप्या टिपा’ लिहायला घेऊ नका, तसलं ढिगाने पडलंय. त्या लेखातलं भांडण काढलं असतं तर मशीनचं माहितीपत्रक उरलं असतं, आणि बाबांची विचारपूस कुणी केली नसती. अनोळखी माणूस त्याची नड घेऊन येतो, तुमची ओळख त्याला नंतर होते. तुमच्या ४० लेखांत अशी नड भागवणारा एखादा असेलच, शीर्षकाखाली दबून गेलेला.

लिंकचं एक खुसपट आहे. मराठी शीर्षक दिलं की ब्लॉगर पत्त्यात ती अक्षरं घेतच नाही, नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ असं काहीतरी बनवतो. वर्डप्रेस घेतं, पण लिंक कॉपी करून पाठवली की देवनागरीच्या एकेका चिन्हाची नऊ-नऊ रोमन चिन्हं होतात आणि टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ तयार होते. फसवणुकीची लिंक समजून माझ्या मावशीने ती उघडलीच नाही. प्रकाशित करण्याआधी पत्ता स्वतःच रोमन लिपीत, तीन-चार शब्दांत द्या.

मेलवर लेख पाठवण्याची सोयही ठेवा. पूर्वी लोक गूगल रीडरमध्ये आवडते ब्लॉग जोडून ठेवायचे, नवा लेख आपोआप समोर यायचा. १ जुलै २०१३ ला ते बंद झालं. त्यामागची आरएसएस ही सोय (नव्या लेखाची खबर आपोआप देणारी) अजून चालते, पण वापरणारे थोडे. माझ्या मेलच्या यादीत ८ वर्षांत १७० जण जमलेत. मला पुरतात.

कमेंटचं म्हणाल तर, गेल्या महिन्यात तुम्ही स्वतः किती जणांना कळवलंत, तुमचं वाचलं म्हणून? मी ते उशिरा सुरू केलं. एखादा लेख आवडला की त्यातली कुठली ओळ आवडली तेवढं मेलवर सांगायचं, आपली लिंक न चिकटवता. त्यातले काही जण आपणहून शोधत आले.

थांबू नका इतक्यात. आणि एवढा मोठा प्रश्न लिहिलात, त्यात ब्लॉगचं नाव कुठेच नाही. ते टाका की आधी!