वाचक विचारतात : इतिहासाचं चक्र मोजायचं कसं?

प्रश्न (साखर पेठ, सोलापूर) : एका व्याख्यानात ऐकलं, की दर चार पिढ्यांनी देशावर मोठं संकट येतं. अमेरिकेत १७७६ (स्वातंत्र्य), १८६१ (यादवी युद्ध), १९४१ (दुसरं महायुद्ध). आपल्याकडे १८५७ आणि १९४२. अंतर ८०-८५ वर्षांचं. मग पुढचं २०२७ ला समजायचं का?

उत्तर : १९४२ मध्ये ८५ मिळवले की २०२७ येतं, एवढाच त्याचा आधार. पण १८५७ नंतरचा टप्पा १९४२ च का? सोलापूरकर १९३० म्हणेल. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली, शहर पेटलं, १२ मे रोजी मार्शल लॉ लागला आणि पुढच्या १२ जानेवारीला चार हुतात्मे येरवड्यात फासावर गेले. १८५७ पासून हे अंतर ७३ वर्षांचं, म्हणजे पुढचं साल २००३. १९४७ धरलं तर अंतर ९० आणि पुढचं साल २०३७. रीत तीच, उत्तरं मात्र चौतीस वर्षांत विखुरलेली. शिवाय अमेरिकेच्या तीन सालांत अंतरं भरतात दोनच. दोन आकडे जवळ आले म्हणून चक्र ठरत नाही.

तपासायचंच असेल तर आधी नियम कागदावर लिहा : कोणत्या प्रकारची घटना, किती मोठी, कुठल्या प्रदेशातली. यादी त्यानंतर. यादी समोर ठेवून नियम केला, की हवं ते चक्र निघतं. मग लागोपाठच्या सालांतली अंतरं काढा, त्यांची सरासरी काढा आणि प्रमाण विचलनही काढा, म्हणजे अंतरं सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे जातात ते. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळी गोम तिथेच आहे.

आपल्या भागातले दुष्काळ घ्या : १८७६, १८९६, १८९९, १९१८, १९७२. अंतरं २०, ३, १९, ५४. सरासरी बरोबर २४, म्हणजे जवळजवळ एक पिढी! पण प्रमाण विचलन येतं २१ च्या पुढे, सरासरीच्या तोडीस तोड. घटना निव्वळ योगायोगाने घडत असल्या तरी साधारण असंच येतं; खरं चक्र असेल तर विचलन सरासरीच्या बरंच खाली हवं. आता यादीत १९५२ ची टंचाई घाला. अंतरं होतात २०, ३, १९, ३४, २०. लगेच कुणीतरी ‘वीस वर्षांचं चक्र’ म्हणणार आणि ३ व ३४ गुपचूप गिळणार.

तरी पिढीची गोष्ट अगदीच फोल नाही. १९३० मध्ये पंधरा वर्षांचा असलेला माणूस २०१० मध्ये पंचाण्णवचा. डोळ्यांदेखत पाहिलेलं सांगणारं कुणी उरत नाही आणि त्या अनुभवाचा वचक ओसरतो. मात्र मुलं दर वर्षी जन्मतात, त्यामुळे तो हळूहळू ओसरतो, ठरल्या साली नाही. आणि काही धडे कायद्यात उतरतात : १८७६ च्या दुष्काळानंतर दुष्काळ-संहिता (मदतकार्याचे सरकारी नियम) आली, १९७२ नंतर १९७७ चा रोजगार हमी कायदा. पाऊस पुन्हा दगा देतो, पण परिणाम तेच राहत नाहीत.

प्रश्न (होटगी रोड, शिक्षिका) : विद्यार्थ्यांकडून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी लिहून घ्यायच्या आहेत. पिढ्यांमधला फरक कसा मांडावा?

उत्तर : वहीत दोन रकाने पाडा, ‘स्वतः पाहिलं’ आणि ‘ऐकलं’. मुख्य मुलाखती १९५७ किंवा त्याआधी जन्मलेल्यांच्या, म्हणजे तेव्हा निदान पंधरा वर्षांच्या असलेल्यांच्या घ्या. जन्मतारीख १ जून दिसली की सावध व्हा. ती बहुधा शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली असते. खरं वय खुणेच्या घटनांवरून काढा : कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा शाळेत होतात का? किल्लारीच्या वेळी (३० सप्टेंबर १९९३) मोठं मूल केवढं होतं?

‘दुष्काळ कसा होता?’ असं विचारू नका, ‘लई वाईट’ एवढंच उत्तर मिळतं. दुष्काळी कामावर खडी फोडायला घरातलं कोण गेलं, मजुरीचा हप्ता किती दिवसांनी मिळायचा, सुकडी (मदतीचा कोरडा खाऊ) कुठे वाटायचे, मिलोची (परदेशातून आलेल्या ज्वारीची) भाकरी थापताना तुटायची का, बैल कुणाला विकले, असं विचारा. एका आजींनी मिलोचा रंग सांगितला, की पुढचं आपोआप निघतं.

फरक मांडताना वय, काळ आणि पिढी यांची गल्लत होते. ‘नवी पिढी मागावर बसायला तयार नाही’ हे आपल्याकडे नेहमी ऐकू येतं. त्याच वर्षांत पन्नाशीच्या कामगारांनीही माग सोडला असेल, तर कारण काळ, म्हणजे बाजार. फक्त तरुणांनी सोडला असेल, तर आजोबाही त्या वयात दुसरं काम शोधत होते का ते विचारा. होते, तर तो वयाचा गुण. नव्हते, तरच पिढीचं नाव घ्या. म्हणून विशीतल्या नातवाची तुलना आजच्या आजोबांशी न करता त्यांच्या विशीशी करा.

प्रश्न (अक्कलकोट रोड) : तिसरी पिढी राज्य घालवते, हे खरं का?

उत्तर : चौदाव्या शतकात अरब इतिहासकार इब्न खल्दूनने चाळीस वर्षांची एक अशा तीन पिढ्या, म्हणजे १२० वर्षं, हे राजघराण्याचं आयुष्य मानलं. सोलापूरच्या किल्ल्याचे धनीच तपासा. बहमनी १३४७ पासून पावणेदोनशे वर्षांहून अधिक टिकली, आदिलशाही १४९० ते १६८६ म्हणजे १९६ वर्षं. भट पेशव्यांची १७१३ ते १८१८ ही १०५ वर्षं त्या हिशेबाच्या जवळ जातात, पण राज्य गेलं ते चौथ्या पिढीतल्या दुसऱ्या बाजीरावाच्या हातून.