मानेला हिसका बसल्यानंतरचं दुखणं आणि रात्रीची मोडलेली झोप

ताई, तुम्ही लिहिलंय की सिग्नलला उभ्या असताना मागून टेम्पोनं गाडी ठोकली, त्याला सहा आठवडे झाले. एक्स-रे नॉर्मल आहे, हातात मुंग्या नाहीत, पण मान वळत नाही. अजून मानेचा पट्टा लावताय आणि रात्री तीनला जाग आली की पुढे झोप नाही. माझ्याही मानेला असाच हिसका बसला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक्स-रेबद्दल. 'रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतंय काय?' हा घरच्यांचा प्रश्न फार लागतो. एक्स-रेत हाडं दिसतात. मार बसलेला असतो तो स्नायूंना, अस्थिबंधांना आणि मणक्यांमागच्या छोट्या सांध्यांना. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. मागून धक्का बसला की धड पुढे जातं, डोकं मागे राहतं आणि मग झटक्यात पुढे येतं. मान आवळायला स्नायूंना वेळच मिळत नाही. कॅनडात क्वेबेकच्या तज्ज्ञगटानं १९९५ साली या दुखापतीच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या. मान आखडलेली, दाबल्यावर दुखणारी, पण नसांची लक्षणं नाहीत, ही त्यातली दोन क्रमांकाची पायरी. तुमचं वर्णन तिच्याशी जुळतं, तरी तपासून सांगायचं काम डॉक्टरांचंच. मात्र हातात मुंग्या किंवा अशक्तपणा आला, चालताना तोल जाऊ लागला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसू लागलं किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता पट्टा. फ्रॅक्चर नसताना सहा आठवडे पट्टा फार झाला. मान न हलवल्यानं स्नायू आणखी अशक्त होतात आणि हलवायची भीती वाढते. डॉक्टरांना विचारून तो सोडवा. दर एक-दोन तासांनी मान डावी-उजवी सावकाश फिरवा, ताण जाणवेल तिथपर्यंतच. खांद्याची पाती मागे जुळवा. पाठ भिंतीला टेकवून हनुवटी हलकेच आत घ्या. व्यायामानंतर थोडं ठणकलं आणि तासाभरात शमलं तर काळजी नको, दुसऱ्या दिवसापर्यंत राहिलं तर पुढच्या वेळी कमी करा. शेक चालेल. पण मान कडकन मोडून घेणं नको, मग तो सलूनवाला असो की गावाकडचा हाडवैद्य.

रात्रीचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं दुप्पट वाटतं, आणि त्या दुखण्यानं पुन्हा रात्र जाते. दोन उशा एकावर एक ठेवता, त्यांतली एक आजच काढा. पालथं झोपणं बंद. कुशीवर झोपलात तर खांदा आणि कान यांच्यातली जागा भरेल इतकीच उंच उशी हवी. कुशीवर पडून घरातल्या कुणाला तरी मोबाइलवर फोटो काढायला सांगा: नाक छातीच्या मधल्या हाडाच्या रेषेत आलं पाहिजे. डोकं गादीकडे झुकलेलं दिसलं तर उशी कमी पडतेय, छताकडे वर गेलेलं दिसलं तर जास्त होतेय. नवी उशी आणायच्या आधी हात पुसायच्या टॉवेलची मनगटाएवढी गुंडाळी करून अभ्र्यात, उशीच्या खालच्या कडेला सरकवा, म्हणजे मानेच्या खोबणीला आधार मिळतो. मला महागड्या उशीपेक्षा तिनंच जास्त आराम दिला. वरच्या हाताखाली एक लोड घ्या, खांदा पुढे लोंबकळत नाही. उठताना सरळ डोकं उचलू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हातानं रेटा देऊन बसा.

तीनला जाग आली तर घड्याळ बघू नका, मोबाइल तर नाहीच. वीसेक मिनिटं गेलीत असं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, पेंग आली की परत या. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच ठेवा, दुपारी लांब झोप काढू नका. पहिले काही दिवस जड जातात, मग झोप सलग होऊ लागते. वेदनेची गोळी कोणती, किती आणि झोपायच्या आधी कधी, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मेडिकलमधून मनानं झोपेच्या गोळ्या आणू नका. अपघाताचा आवाज स्वप्नात येत असेल, गाडीत बसताना छाती धडधडत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावर वेगळे उपचार आहेत आणि तेवढ्यानंही झोप सुधारते.

बहुतेकांना पहिल्या तीन महिन्यांत बराच फरक पडतो. काहींचं लांबतं, म्हणून आता फिजिओथेरपिस्टकडे जायला उशीर करू नका.

स्कूटर कधी चालवू, असं विचारलंयत. मान दोन्ही बाजूंना वळवून खांद्यावरून मागचं वाहन चटकन दिसेपर्यंत नको, हेल्मेटचं वजनही त्याच मानेवर येतं. गाडीत बसाल तेव्हा सीटच्या डोक्यामागच्या उशीची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीला आणा आणि ती डोक्याला जवळजवळ टेकेल अशी सीटची पाठ सरळ करा. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत ती पार खाली दाबलेली असते.